दुसऱ्या खुर्चीची मोजणी

सोमवार, ४ ऑगस्ट १९८६. पांढुर्ण्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये मी सकाळी साडेनऊला फूटपट्टी आणि पेन्सिल घेऊन फुलस्केप कागदावर रकाने आखत बसले होते. मोजणीचे छापील तक्ते छिंदवाड्याहून यायचे होते. ते आले नाहीत. तक्ते न आल्यास हाताने आखून घ्यावेत, असं पत्र मात्र वेळेवर आलं.

ही मोजणी वर्षातून एकदा व्हायची. तीन दिवस, सकाळी दहा ते बारा आणि संध्याकाळी पाच ते सहा, आम्ही जोडून दिलेल्या प्रत्येक कॉलची एक रेघ कागदावर ओढायची. तीन दिवसांची सरासरी छिंदवाड्याला जायची आणि तिच्यावरून वरचं ऑफिस ठरवायचं की दिवसपाळीला इथं किती ऑपरेटर लागतात. सरासरी दीड माणसाच्या कामावर गेली की दोन, खाली राहिली की एक. आधीची वर्षं मोजणी नोव्हेंबरात पडायची. तेव्हा संत्र्याचा माल निघालेला असतो, दलाल दिवसभर नागपूर लावा, दिल्ली लावा करत असतात, आणि आम्हाला पाणी प्यायला फुरसत नसते. यंदा कुणीतरी ऑगस्ट ठरवला. ऑगस्टात संत्री हिरवी, कापूस गुडघ्याएवढा, जिनिंग बंद. ज्या महिन्यात पांढुर्ण्याच्या माणसाला फोनवर बोलायला विषयच नसतो, तो महिना शोधून काढणाऱ्याचं मला खरं तर कौतुक वाटलं.

मी तिथली मॉनिटर होते, म्हणजे ऑपरेटरांवर लक्ष ठेवणारी ऑपरेटर. वय बेचाळीस. बोर्ड हाताचा होता. ग्राहकानं आपल्या फोनचं हँडल फिरवलं की बोर्डावर त्याच्या नंबरची छोटी पितळी झडप टपकन खाली पडायची. ऑपरेटरनं दोरीची पिन तिथं खुपसून "नंबर?" विचारायचं आणि दोरीचं दुसरं टोक हव्या त्या नंबरात खुपसायचं. झाला कॉल.

बोर्डासमोर दोन खुर्च्या. पहिलीवर बाबूजी, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. गावात कोण कुठं गेलंय, कुणाचं दुकान कशामुळं बंद आहे, कोणती गाडी किती लेट आहे, हे सगळं त्यांच्या डोक्यात. दुसऱ्या खुर्चीवर पंचवीस-सव्वीस वर्षांची एक मुलगी. ती रोज सौंसरहून सकाळच्या बसनं यायची, म्हणून बाबूजी तिला सौंसरवाली म्हणत आणि मग सगळेच म्हणत. तिची खुर्ची तात्पुरती होती, दर वर्षी मोजणी झाली की नव्यानं मंजूर व्हायची.

"बाई, तुमाले एक सांगू का?" मी रकाने आखत असताना ती टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"वीस मिनिटं आहेत मोजणीला. सांग."

"ह्या मोजणीत माही सीट गेली नं, तं रविवारी पाहुणे येऊन राहिले."

"कुठले?"

"बैतूलचे. बिजवर हाय मानूस. दोन पोट्टे हायेत त्याले. मोठा नववीत हाय जी!"

"तुझ्या बाबांना काय घाई झाली आहे?"

"बाबा म्हनते, नोकरी हाय तवर मी तुले लग्नाचं काई म्हनत नाई. सीट गेली का मंग माह्यं आयकाचं. तसा करारच केला त्यायनं माह्यासंग."

"माणूस कसा आहे?"

"मले काय माहीत? फोटोत तं बसलेला हाय."

तिचे वडील सौंसरला एका कचेरीत शिपाई होते. तिला मॅट्रिकपर्यंत त्यांनीच हट्टानं शिकवलं होतं, इंग्रजी पाढेसुद्धा म्हणून घेतले होते. त्यांचंही काही चुकत नव्हतं. मी तिला म्हटलं, काम कर, बाकीचं बुधवारी बघू. बुधवारी संध्याकाळी मोजणी संपणार होती.

दहा वाजले. बाबूजींनी कानावर हेडफोन चढवला आणि पहिली झडप पडली.

"बाबूजी, डॉक्टर हायेत का जी?"

"नाई. सावरगावात गेले पेशंट पाहाले. बारापर्यंत येतीन."

"बरं बरं." झडप वर.

दुसरी झडप. "बाबूजी, नागपूरची पॅसेंजर?"

"चाळीस मिनिट लेट. जेवून निंघा."

तिसरी झडप सौंसरवालीकडं. "बाई, हार्डवेअरवाल्याले लाव."

"त्यायचं दुकान बंद हाय काका. सासऱ्याची तेरवी हाय आज. परवा उघडन."

असं बारापर्यंत चाललं. दोघांची तोंडं दोन तास बंद नव्हती. बाराच्या ठोक्याला मी कागद उचलला आणि रेघा मोजल्या. परत मोजल्या. एका माणसाचं काम जेमतेम भरत होतं. दुसऱ्या खुर्चीसाठी कागदावर काहीच नव्हतं.

जेवणानंतर मी स्वतः मागं स्टुलावर बसले आणि वेगळ्या चिठोऱ्यावर टिपण केलं. दहा झडपा पडल्या तर सात कॉल दोरी न लावताच संपत होते. माणूस विचारी, हे उत्तर देत, तो समाधानानं फोन ठेवी. जोडलं काहीच नाही, म्हणून रेघ नाही. नोव्हेंबरात ट्रंक कॉलच्या गर्दीत हे कधी लक्षात आलं नव्हतं.

आता यात दोष कुणाचा म्हणाल तर माझा. बोर्डाला दोऱ्यांच्या दहा जोड्या होत्या, त्यातल्या चार बिघडलेल्या. दुरुस्तीची पत्रं लिहून मी थकले होते. म्हणून पाच वर्षांपूर्वी मीच तोंडी हुकूम दिला होता की जिथं दोन शब्दांत काम होतंय तिथं दोरी गुंतवू नका. गाव सुखी, दोऱ्या मोकळ्या, तक्रार एक नाही. मला या व्यवस्थेचा फार अभिमान होता. आणि त्या व्यवस्थेनं कागदावर असं सिद्ध केलं होतं की बोर्डावरच्या दोघांपैकी एक जण बसून खातो.

संध्याकाळच्या तासातही तेच झालं. सहा वाजता बाबूजींनी कागदाकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बाई, रेघाच तं ओढाच्या हायेत. कोन पाहाले येते? द्या पेन्सिल इकडं."

"खोटी रेघ ओढायची नाही."

"पोरीचा प्रश्न हाय."

"खाली सही माझी आहे. परवा छिंदवाड्याचे साहेब येणार, ते मागं बसून स्वतः मोजणार. त्याच्या आकड्यात आणि आपल्या आकड्यात दुपटीचा फरक पडला तर पोरीबरोबर तुमची पेन्शनही जाईल."

पेन्शनचं नाव ऐकून त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग मी त्यांना दुसऱ्या दिवशीचा हुकूम सांगितला. उद्यापासून तीनही तास नियमाप्रमाणं काम. कुणी काही विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही. फक्त "नंबर?" म्हणायचं आणि जोडून द्यायचं. डॉक्टर नाहीत हे डॉक्टरच्या घरचे सांगतील. गाडी लेट आहे हे स्टेशन सांगेल. आपण टेलिफोनवाले आहोत, बातमीवाले नाही.

"आनं मले माहीत असलं तरी?"

"माहीत असलं तरी."

बाबूजींनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी जणू त्यांना दोन दिवस श्वास घेऊ नका म्हटलं होतं.

मंगळवारी बाबूजी तोंडात दोन लवंगा धरून बसले. जीभ आवरायला लवंग बरी असते, असं त्यांच्या बायकोनं सांगितलं होतं म्हणे. दहा वाजता झडप पडली.

"बाबूजी, डॉक्टर हायेत का?"

"नंबर?"

"ऑं?"

"नंबर सांगा."

"बाबूजी, मी बोलून राहिलो. टेलर."

"हाव. नंबर?"

"डॉक्टरचा नंबर मले काय माहीत? तुमाले माहीत हाय नं!"

इथं एक गोष्ट उघडी पडली, जी माझ्याही ध्यानात आली नव्हती. पांढुर्ण्यात कुणालाच कुणाचा नंबर माहीत नव्हता. गरजच पडली नव्हती. डॉक्टर लावा, स्टेशन लावा, माझ्या मेव्हण्याला लावा, एवढं म्हटलं की काम व्हायचं. छापील डायरेक्टरी वाटली होती, पण दुकानदारांनी तिच्या पुड्या बांधल्या होत्या. आता नंबर माहीत नसेल तर नियम असा की ग्राहकाला इन्क्वायरीला जोडायचं. आमच्याकडं इन्क्वायरी म्हणजे माझ्या टेबलावरचा काळा फोन. त्यावर मी नंबर सांगायचा, मग माणसानं फोन ठेवून परत हँडल फिरवायचं आणि तो नंबर मागायचा. म्हणजे एका डॉक्टरसाठी दोन जोडण्या आणि दोन रेघा, दोन्ही शंभर टक्के खऱ्या.

साडेदहापर्यंत माझा काळा फोन खाली ठेवायची सोय राहिली नाही. सौंसरवालीचे हात बोर्डावर विणकाम केल्यासारखे चालले होते. सहाच्या सहा जोड्या गुंतलेल्या, आणि वर झडपा पडतच होत्या.

डॉक्टरीणबाईंनी मलाच फोन लावला.

"बाई, आज गावाले झालं काय? महामारी आली का? सकाळपासून वीस लोकं विचारून राहिले डॉक्टर हायेत का म्हनून. मी पोया करू का फोन घेऊ?"

"नाहीत म्हणून सांगा आणि ठेवा."

"तेच तं सांगून राहिली! पन हे काम बाबूजींचं होतं नं?"

अकराला स्टेशनवरून एक पोर्टर चिठ्ठी घेऊन आला. स्टेशनमास्तरांनी लिहिलं होतं की चौकशीच्या फोनांमुळे त्यांना गाडीला झेंडी दाखवायला बाहेर जाता येत नाही, आणि गाडी आता या कारणास्तव जास्त लेट होत आहे, तरी कृपया बाबूजींना पूर्ववत करावे. पूर्ववत हा शब्द त्यांनी दोनदा अधोरेखित केला होता.

साडेअकराला शिष्टमंडळ आलं. एक संत्र्याचे दलाल, एक कापडवाले, एक वकील. तिघंही चपला बाहेर काढून आत आले, जसं काही कुणाच्या घरी वाईट झालंय. दलालांनी सुरुवात केली.

"बाई, तुमी बाबूजींची बदली काहून केली?"

"कुणी सांगितलं?"

"सांगाची गरज नाई. बोर्डावर कोनतरी नवा मानूस बसवला तुमी. आवाज बाबूजीसारखाच हाय, पन लय उद्धट. मले नंबर विचारते! चौदा वर्षांपासून मी फोनवाला हाव."

बाबूजी त्यांच्याकडं पाठ करून चार हातांवरच बसले होते. त्यांनी हेडफोन एका कानावरून सरकवला आणि वळून पाहिलं.

"मी इथीच हाव."

कापडवाले म्हणाले, "मंग ते नंबर-नंबर कोन करून राहिलं?"

"मीच."

दलालांनी पुढं वाकून त्यांचा चेहरा नीट पाहिला. "बाबूजी," ते म्हणाले, "तुमी तं असे नव्हते."

बाबूजींच्या डोळ्यांत पाणी आलं. लवंगेचंही असेल. वकिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की यांच्यावर काही चौकशी बसली आहे का, असल्यास ते फुकट लढायला तयार आहेत. मी तिघांना बारानंतर या म्हटलं आणि दार लावून घेतलं.

मंगळवारच्या रेघांना कागद पुरला नाही. पाठकोऱ्या बाजूवर रकाने आखावे लागले. त्या दिवसाच्या हिशेबानं तिसरी खुर्चीसुद्धा मंजूर व्हायला हरकत नव्हती. सौंसरवाली बसकडं निघाली तेव्हा तिचा आवाज बसला होता, पण चालण्यात फरक पडला होता. "बाई, मोठ्या पोट्ट्याले आता दुसरी माय पाहा लागन," असं दारातून म्हणून ती गेली.

मीही त्या संध्याकाळी खूष होते. माझी चूक मला बुधवारी सकाळी कळली.

साहेब सकाळच्या बसनं छिंदवाड्याहून आले. बारीक चणीचे, हिंदी बोलणारे, हातात डबा आणि काखेत नियमांचं जाड पुस्तक. बोर्डामागं स्टूल मागून घेतलं, घड्याळ काढून मांडीवर ठेवलं, पेन्सिलीला टोक केलं. दहा वाजले.

झडप पडली नाही.

सव्वादहा. एक पडली. पिठाच्या गिरणीचा फोन, पोत्याचा धक्का लागला होता, बोलायला कुणी नव्हतं. साडेदहा. बाबूजींनी लवंग या गालातून त्या गालात घेतली, त्याचा आवाज मला टेबलापाशी ऐकू आला. साहेब बोर्डाकडं पाहत होते, बोर्ड साहेबांकडं.

मी चहा सांगायच्या निमित्तानं बाहेर गेले. समोरचा चहावाला म्हणाला, "बाई, लोकं म्हनते फोनपरीस सायकल बरी. डॉक्टरकडं जाऊन पाहाले दहा मिनिट लागते. तुमच्याकडं दोनदा हँडल फिरवा, नंबर पाठ करा, मंग ते म्हनते डॉक्टर नाई."

गाव केवढंसं. एका दिवसात सगळ्यांनी फोन सोडून दिला होता. मी परत येताना पाहिलं तर रस्त्यावर खरंच सायकली जास्त दिसत होत्या. दहा ते बारा या वेळात पडलेल्या झडपा दोन्ही हातांच्या बोटांवर मावल्या, आणि त्यात गिरणी धरली होती.

साहेबांनी डबा उघडला. जेवता जेवता कालचा आणि परवाचा कागद पाहिला, आकडे जुळवले आणि मान हलवली. "मैडम, सोमवार को कुछ नहीं, मंगल को मेला, आज मातम. औसत तो डेढ़ से नीचे जा रहा है।"

सौंसरवालीनं ऐकलं. ती दोऱ्या एकेक करून सरळ करत बसली. त्या सरळच होत्या.

तीनच्या सुमारास साहेबांनी निघायची चौकशी सुरू केली. पाचची बस पकडली तर संध्याकाळचा तास त्यांना पाहावा लागला नसता. आहे तेवढ्यावरच अहवाल झाला असता. ते बाबूजींना म्हणाले, "बाबूजी, पाँच बजे वाली छिंदवाड़ा की बस समय पर है?"

बाबूजींनी माझ्याकडं पाहिलं. मी मानेनं नाही म्हटलं नाही की हो म्हटलं नाही. बाबूजी हुकमाचे पक्के.

"नंबर?" ते म्हणाले.

"क्या?"

"बस-स्टँडचा नंबर सांगा, जोडून देतो."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "मैं आपके पास बैठा हूँ, और आप मुझसे नंबर पूछ रहे हैं?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी खुर्ची ओढली आणि त्यांना सगळं सांगितलं. पाच वर्षांपूर्वीचा माझा हुकूम, बिघडलेल्या दोऱ्या, सोमवारची मोजणी, मंगळवारचा उलटा हुकूम, शिष्टमंडळ, सायकली. खोटी एकही रेघ ओढलेली नाही हेही सांगितलं. बैतूलचा बिजवर तेवढा सांगितला नाही. तो खात्याचा विषय नव्हता. मग बाबूजींना म्हटलं, "सांगा आता त्यांना बसचं."

बाबूजींनी लवंगा रुमालात थुंकल्या. "पाचची बस मुलताईहून निंघालीच नाई साहेब. टायर फुटला. मुलताईच्या ऑपरेटरनं मंगाशीच सांगतलं. सहाच्या पहिले येत नाई. आनं उजवीकडं बसजा, डावीकडून छत गळते."

साहेबांनी ते जाड पुस्तक काढलं, चष्मा लावला आणि पानं उलटायला लागले. मला वाटलं आता माझ्यावर कलम शोधतायत.

"मैडम, आपके यहाँ इन्क्वायरी की पोज़ीशन है?"

"आहे ना. हे माझं टेबल."

"उस पर क्या काम होता है?"

"डायरेक्टरीतला नंबर सांगायचा."

"सिर्फ़ नंबर, ये आपको किसने कहा?" त्यांनी पान माझ्याकडं फिरवलं आणि एका ओळीवर पेन्सिल ठेवली. तिथं लिहिलं होतं की इन्क्वायरीवरच्या कर्मचाऱ्यानं ग्राहकाला आवश्यक ती माहिती द्यावी. कोणती माहिती, ते लिहिलं नव्हतं. आणि इन्क्वायरीला जोडलेला कॉल हा जोडलेला कॉलच होता.

साहेबांनी मला शांतपणे समजावून दिलं, लहान मुलाला समजावतात तसं. बाबूजी बोर्डावर बसून डॉक्टर कुठं गेले ते सांगतात, तर ते काम नव्हे, गप्पा. तेच बाबूजी चार हात लांब माझ्या टेबलावर बसून, दोरीतून तेच सांगतील, तर ती सेवा. बोर्डावरच्या माणसानं जोडायचं, टेबलावरच्या माणसानं सांगायचं. म्हणजे माणसं दोन.

"हे तर आत्ता एक माणूस करतोच आहे," मी म्हटलं. प्रामाणिकपणाची ही सवय मला नडते.

"इसीलिए तो एक की मंज़ूरी जा रही थी," साहेब म्हणाले.

साडेचारला आम्ही माणसं हलवली. बाबूजी माझ्या टेबलावर काळ्या फोनपाशी, सौंसरवाली एकटी बोर्डावर, मी उभी. आता प्रश्न एवढाच की गावाला परत फोनकडं कसं आणायचं. ते बाबूजींनी एका फोनमध्ये केलं. त्यांनी फक्त डॉक्टरीणबाईंना लावून घेतलं.

"वहिनी, मी बोलून राहिलो. हाव, मीच. आता सांगतो सगळं. नाई, तब्येत बरी हाय. तेवढं शेजारी सांगजा."

पाच वाजता साहेबांनी घड्याळ मांडीवर ठेवलं. पाच वाजून तीन मिनिटांनी पहिली झडप पडली. मग दुसरी. मग पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज यायला लागला.

"सौंसरवाली बाई, बाबूजी बोलते म्हने आता?"

"हाव काका, जोडते." रेघ.

"बाबूजी! डॉक्टर?"

"आताच आले. चहा पिऊन राहिले. दहा मिनिटानं जा."

दोन दिवसांचं तुंबलेलं सगळं त्या तासात आलं. वकिलांना पॅसेंजर हवी होती, टेलरला हार्डवेअरवाला, दलालांना काहीच नको होतं, ते नुसतं "बरं वाटलं" म्हणायला फोनवर आले होते. त्याचीही एक रेघ झाली. बाबूजी दर वेळी आधी "इन्क्वायरी" असं म्हणायचे, साहेबांना ऐकू जाईल असं, आणि मग पुढचं. सौंसरवालीनं तासाभरात मान वर केली नाही. एकदा सगळ्या दोऱ्या गुंतल्या तेव्हा साहेब स्वतः स्टुलावरून उठले आणि बिघडलेल्या जोडीची पिन कानाशी धरून हलवून पाहिली. दुरुस्तीच्या माझ्या पत्रांचं काय झालं, ते मी तेवढ्यात विचारून घेतलं. बघतो, म्हणाले.

सहाला त्यांनी बेरीज मांडली. सरासरी दीडाच्या वर गेली होती, फार नाही, नखभर. साहेबांनी ती दोनदा तपासली, अहवालात दिवसपाळीस ऑपरेटर दोन असं लिहिलं, खाली माझी सही घेतली आणि बसकडं गेले. उजवीकडंच बसले असणार.

सौंसरवाली रडेल असं मला वाटलं होतं. तिनं पर्स उचलली. "बाई, बाबांईले तुमी सांगान का? मी सांगतलं तं ते म्हनतीन कागद दाखव."

"कागद छिंदवाड्याहून यायला महिना लागेल."

"म्हनून तं म्हनून राहिली."

गुरुवारी सकाळी मी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी गेले. माझी रजिस्टरं आणि दौत खिडकीतल्या फळीवर नेऊन ठेवली, टेबल बाबूजींना मोकळं करून दिलं. मग सौंसरचा कॉल लावला, तिच्या वडलांच्या कचेरीचा. फोन उचलायचं काम शिपायाचंच असतं. पांढुर्ण्याचा कॉल म्हटल्यावर त्यांनी मला ओळखलं.

"जयभीम बाई. कागद आला का?"

"जयभीम. कागद यायचाय. पण साहेब माझ्यासमोर लिहून गेले, खाली माझी सही आहे. तिची खुर्ची राहिली."

"तुमची सही हाय म्हनता तं ठीक हाय," ते म्हणाले. "करार म्हंजे करार. पन बाई, ते बैतूलवाले तं निंघाचं ठरवून बसले. मुलाच्या आत्यानं नवं लुगडं घेतलं म्हने. आता त्यायले काय सांगू?"

"येऊ द्या. चहा-पोहे द्या, संत्र्याचे बगीचे दाखवा. मुलगी ड्युटीवर आहे म्हणून सांगा."

"रविवारी? रविवारी तं तिले सुट्टी असते नं जी?"

"या रविवारी नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मग ड्युटीचा तक्ता काढला, रविवारच्या सकाळपाळीवर माझं नाव होतं ते खोडून तिचं लिहिलं, आणि तिची सुट्टी सोमवारी टाकली.